सहा फरश्या रुंद

थोरलीला खोली मिळाली, आबांचे सहाच्या सहा आकडे चुकले, आणि या दोन्ही गोष्टींचा घरात सारखाच आनंद झाला.

हे वाक्य कुणी वाचलं नाही असं समजून पुढे जाऊ. आज शुक्रवार आहे. सोडत उद्या संध्याकाळी आहे, सकाळचे चहाचे कप अजून धुवायचे आहेत, आणि घरातलं एकही माणूस आनंदात नाही.

थोरली तर अजिबातच नाही. ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून कुणा अनोळखी म्हाताऱ्याची वरची कवळी घासत होती आणि मनातल्या मनात एक वाक्य जुळवत होती. 'आबा, तुमची फरशी उद्या फोडायची आहे.' ते उलटसुलट फिरवून पाहिलं. 'आबा, उद्या फोडायची आहे, तुमची फरशी.' कसंही फिरवलं तरी फरशी फुटतच होती.

कवळ्या करणं हा तिचा धंदा. टेबलाच्या एका टोकाला भाजी चिरली जायची, दुसऱ्या टोकाला दात बसायचे, आणि मधली सीमा घरातले सगळे पाळायचे. फक्त एकदा पाहुण्यांच्या ताटात एक दाढ गेली होती. पण पाहुण्यांना ती आपलीच वाटली, आणि त्यांनी गुपचूप रुमालात बांधून घरी नेली.

आता गावातल्या दातांच्या मोठ्या दवाखान्याने तिला सगळं काम द्यायचं कबूल केलं होतं. अट एवढीच, की कामाची खोली वेगळी हवी आणि तिथल्या जमिनीला सांधे नकोत. सांध्यांत भुकटी अडकते, भुकटीत जंतू राहतात, आणि जंतू कवळीत बसून परगावी जातात, असं तपासनीस बाईंचं म्हणणं. सोमवारी सकाळी त्या स्वतः बघायला येणार होत्या. खोली पसंत पडली नाही तर काम दुसऱ्या कुणाला मिळणार, आणि थोरली या टेबलाच्या याच टोकाला म्हातारी होणार. मग तिला स्वतःची कवळीही इथेच करावी लागणार.

घरात वेगळी खोली एकच होती. लांबची खोली. आणि लांबच्या खोलीत आबांची लॉटरी होती.

आबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, जन्मभर लोकांच्या घरांत फरश्या बसवल्या. काम थांबलं, तेव्हा एक दिवस नुसते बसल्या बसल्या त्यांच्या लक्षात आलं की आपली लांबची खोली बरोबर सहा फरश्या रुंद आहे. महिन्याच्या मोठ्या सोडतीत चेंडूही सहाच निघतात. याला योगायोग म्हणायला आबांनी नकार दिला. सोडतीत चेंडू एकूण वीस. आणि मागच्या शेडमध्ये निरनिराळ्या कामांतून उरलेल्या फरश्यांच्या थप्प्याही वीसच. (त्या खरं तर तेवीस होत्या. तीन त्यांनी शेजाऱ्यांना देऊन टाकल्या, आणि मग मोजल्या.)

तेव्हापासून दर महिन्याला सोडत झाली की दुसऱ्या दिवशी खोलीत एक ओळ बसायची. एकोणीस निघाला की पोहण्याच्या तलावाची हिरवी. सात निघाला की न्हाव्याच्या दुकानाची काळीपांढरी. चार निघाला की शाळेच्या जिन्याची लाल. "कागदावर आकडा गप्प बसतो," आबा म्हणायचे. "जमिनीवर पसरला की त्याची चाल दिसते. खोली भरू द्या." खिडकीपासून सुरुवात केली होती, आता दारापाशी एका ओळीची जागा उरली होती.

तिकीट मात्र त्यांनी कधीच काढलं नव्हतं. अभ्यास पुरा व्हायच्या आत तिकीट काढणं त्यांना ओल्या सिमेंटवरून चालत जाण्याइतकं असभ्य वाटायचं.

*

दुपारी सगळे लांबच्या खोलीत जमले. कुणी बोलावलं नव्हतं. पण या घरात काही फुटणार असलं की माणसं आपोआप गोळा होतात.

"आबा," थोरली म्हणाली, "मधल्याला तुमच्याशी बोलायचंय."

मधला शिडीवर चढत होता. तो तिचा धाकटा भाऊ. भावंडं दोनच, पण प्रत्येक भांडणात हा नेमका मध्ये उभा राहायचा, म्हणून मधला. "मी दिवा काढतोय," तो म्हणाला.

"चालू दिवा कशाला काढतोस?" आबांनी विचारलं.

"धूळ उडेल ना."

"कसली धूळ?"

मधल्याने वरून थोरलीकडे पाहिलं. धूळ तुझी आहे, तूच सांग, असं त्या नजरेत स्पष्ट होतं.

"फरशी फोडायचीय, आबा," थोरली म्हणाली. सकाळपासून जुळवलेल्या वाक्यातला सगळा मऊपणा वाटेतच सांडला. "उद्या सकाळी."

आबा खिडकीत बसले होते. त्यांनी एकदा खोलीभर नजर फिरवली. "फोडणार कोण?"

"मधल्याने दोन माणसं ठरवलीत. मागच्या गल्लीतली."

"ती दोघं? त्यांना भिंत पाडायला पाठवलं तर दार पाडून येतात."

"आबा..."

"नाही, फोडा की. खोली तुला पाहिजे, तुझं बरोबर आहे. फक्त नीट माणसं बघा. खालचा थर माझ्या हातचा आहे. त्यांच्या छिन्न्या जातील, थर जायचा नाही."

दारात उभ्या असलेल्या आत्याने चहाचा कप खाली केला. आत्या म्हणजे आबांची धाकटी बहीण. आख्खी नोकरी बसस्थानकावर घोषणा करण्यात गेली. नोकरी सुटली, आवाज सुटला नाही. "दादा, तुला वाईट वाटतंय का, ते एकदा स्पष्ट सांग," ती म्हणाली, आणि पलीकडच्या घरातल्या कुणीतरी खिडकी लावून घेतली. "वाटत असेल तर मी तुझ्या बाजूने. नसेल वाटत तर मी हिच्या बाजूने. मला झोपायचंय."

"वाईट कशाला वाटायचं? जन्मभर लोकांच्या जुन्या फरश्या फोडूनच नव्या बसवल्या की मी." आबांनी शर्टाच्या बाहीने खिडकीची कड पुसली, जी स्वच्छच होती. "उद्या सकाळी म्हणजे सोडतीच्या आधी, नाही का?"

"हो."

"म्हणजे शेवटची ओळ राहणार."

"आबा, शेवटची ओळ बसवून मग फोडायची का?"

"मग? अर्धवट काम फोडत नसतात."

"मी आपलं म्हणते, ताई," मधल्याची बायको म्हणाली. तिला सगळे वहिनी म्हणायचे, नवरासुद्धा चुकून म्हणायचा. "एकच ओळ राहिलीय हो. रविवारी फोडली तर?"

"वहिनी, रविवारी फोडून सोमवारी बाईंना काय दाखवू? खड्डा? त्याला सांधे नसतात, एवढं मात्र खरं."

तेव्हा पक्ष असे होते: थोरली आणि मधला एकीकडे, आबा आणि वहिनी दुसरीकडे, आत्या झोपेच्या बाजूने. हे पक्ष चहा निवेपर्यंतही टिकले नाहीत.

*

मधला उंच इमारतींच्या काचा पुसायचा. दिवसभर दोराला लटकून जगाकडे वरून बघायची सवय. जमिनीवर उतरला की त्याला काही सुधरायचं नाही. बसचा नंबरसुद्धा तो टपावरचा वाचायचा. लांबच्या खोलीतून तो रोज जा-ये करत होता, पण उभ्या माणसाच्या डोळ्यांनी. आता दिव्याचा स्क्रू फिरवता फिरवता त्याने सहज खाली पाहिलं, आणि स्क्रू हातातून सुटला.

"हलू नका कुणी," तो म्हणाला.

सगळे थांबले. आत्या कप तोंडाला लावलेल्या अवस्थेत थांबली.

"हिरव्या बघा. हिरव्या! खिडकीच्या कोपऱ्यापासून. एक तिथे, मग खाली, एक घर उजवीकडे. मग परत खाली, परत एक घर उजवीकडे. भिंतीला टेकली की पलीकडून सुरू. तिरकी रेघ आहे, आबा! आणि काळीपांढरी... तीही तशीच. लालही!" त्याचा आवाज चढत चालला, तशी शिडीही डुगडुगायला लागली. वहिनीने ती सवयीने धरली. "यात चाल आहे! शपथ सांगतो, वरून सगळं दिसतंय. एवढे दिवस आपण हिच्यावर चपला काढत होतो!"

आबा खिडकीतून उठले. त्यांना खालून काहीच दिसत नव्हतं, पण ते बघत राहिले.

मधला खाली उतरला तो थेट रिकाम्या पट्टीकडेच. गुडघ्यावर बसून बोटाने दाखवू लागला. "हिरवीची रेघ इथे येते. म्हणजे उद्या एकोणीस. काळीपांढरी इथे, म्हणजे सात. लाल इथे, चार. दुधाच्या दुकानाची ती पिवळसर, तिचा काय नंबर... अकरा. तपकिरी इथे. आणि ही निळी. सहा झाले. झाली ओळ!"

"बाकीच्या चौदांच्या रेघा कुठे जातात?" वहिनीने विचारलं.

"त्या एवढ्या ठळक नाहीत."

"नाहीत, का तू बघितल्या नाहीस?"

"अगं, तू माझी बायको आहेस का सोडतवाल्यांची?"

आत्याची झोप पार उडाली होती. "लक्ष द्या," ती म्हणाली, आणि सगळ्यांनी खरंच लक्ष दिलं, कारण त्या आवाजापुढे दुसरा इलाज नसायचा. "तिकिटाचं दुकान चार वाजता उघडतं. मी चपला घालते. दादा, फरशीला हात लावायचा नाही कुणी. फोडणार म्हणे! मी आधीपासून विरोधातच होते."

आणि थोरली? ती भिंतीला टेकून उभी होती. तिने स्वतःला चांगलं दटावलं. मोठी बहीण, धंद्याने काटेकोर, केसाएवढा फरक पडला तर आख्खी कवळी पुन्हा करणारी. पण डोळ्यांसमोर एक दुसरीच इमारत यायला लागली. मोठ्या खिडक्यांची, स्वतःची. तिथे टेबलाच्या दुसऱ्या टोकाला भाजी नव्हती. फरशी फोडायची गरजही नव्हती, आणि आबांच्या शर्टाची बाही मघाशी त्या खिडकीच्या कडेवर जशी फिरली, तशी पुन्हा फिरायची नव्हती.

"मधल्या," ती हळूच म्हणाली, "त्या दोघांना उद्या नको म्हणून सांग."

*

वहिनी बसस्थानकावरच्या हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर काम करायची. आत्यानेच तिला तिथे चिकटवलं होतं. त्या खिडकीवर ती एक गोष्ट पक्की शिकली होती. छत्री आधी दाखवायची नाही. दाखवली की प्रत्येकाला ती आपलीच वाटते. आधी विचारायचं: दांडा कसा आहे? मूठ कसली? कुठे ठिगळ आहे का? मग दाखवायची.

ती आत गेली आणि पलंगावरची चादर काढून घेऊन आली. दारापाशी बसवलेल्या अलीकडच्या ओळींवर ती पसरली आणि चारी कोपऱ्यांना आबांची हत्यारं ठेवली. सपाटी बघायची पाणसळ मात्र आबांनी लगेच उचलून घेतली. ती वजन म्हणून नसते वापरायची.

"चढ वर," ती नवऱ्याला म्हणाली. "चादरीखाली हिरवी कुठे आहे, सांग."

"हे म्हणजे..."

"चढ."

मधला चढला. वरून बराच वेळ बघितलं. "चादरीखालच्या पहिल्याच ओळीत. डावीकडून तिसरी."

वहिनीने चादरीची पहिली घडी मागे केली. त्या ओळीत हिरवी नव्हतीच. मधल्याचा चेहरा पडला. दुसरी घडी. दुसऱ्याही ओळीत नाही. मग तिसरी घडी मागे गेली, आणि हिरवी होती. डावीकडून तिसरी.

"जागा बरोबर!" मधला ओरडला.

"ओळ चुकली की."

"पण जागा बरोबर! लाल विचार. लाल पाचव्या घरात."

लाल लगेचच्या ओळीत नव्हती. चादरीच्या शेवटच्या घडीखाली निघाली. पाचव्या घरात.

काळीपांढरी विचारली. तीही तशीच, यायला उशीर, पण आली ती सांगितलेल्या घरात. आता मात्र वहिनीच्याही अंगावर काटा आला. खिडकीवर एखाद्याने न बघता छत्रीचं ठिगळ बरोबर सांगावं, आणि छत्री मात्र दुसऱ्याच वारी हरवलेली निघावी, असा प्रकार होता. आत्याची एक चपल पायात, एक हातात.

"सुटलं!" मधला म्हणाला. "कधी येणार ते थोडं पुढेमागे होतंय. पण कुठे येणार ते पक्कं आहे. चूक होतच नाही!"

"होणार कशी?" आबा म्हणाले. ते पाणसळ हातात धरून उभे होते. "जागा मीच ठरवतो ना."

मधला शिडीची एक पायरी खाली उतरला.

"म्हणजे काय, आबा?" थोरलीने विचारलं.

"म्हणजे चेंडू सहा निघतात. पण कुठली फरशी कुठल्या घरात घालायची, हे काही सोडतवाले सांगत नाहीत. ते मी बघतो. एकसारख्या दोन फरश्या सरळ एकाखाली एक आल्या की नजर तिथे अडते. कुठल्याही घरात बघ, न्हाणीघरात बघ, मी असं कधी येऊ देत नाही. म्हणून हिरवी मागच्या खेपेला जिथे बसली, तिथून एक घर सरकवायची. उजवीकडे. सगळ्याच तशा. आपोआप होतं ते, हाताला सवयच..."

आबा बोलता बोलता थांबले.

हाताला सवयच आहे. आबांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, जणू तो कुणी पाहुणा होता आणि इतके दिवस न सांगता घरात राहत होता. रेघ सांगत होती की हिरवी आली तर कुठे बसेल. येईल की नाही, हे तिला कुठून ठाऊक असणार? दर महिन्याला ते गुडघे मोडून इथे बसले, थापीच्या मुठीने फरशी ठोकून बसवली, उठून दारातून डोळे बारीक करून बघितलं, आणि आकड्यांची चाल शोधली. ती सापडली होती. ती त्यांचीच होती. त्यांना वाटलं, आता बहुधा फार वाईट वाटायला लागेल. ते थोडे थांबले. पण आतून जे वर आलं ते भलतंच होतं; लोकांच्या घरातलं काम संपवून हत्यारं पुसताना जे वाटायचं, तसलं काहीतरी.

"वर चढू का जरा?" त्यांनी विचारलं.

"आबा, तुमचे गुडघे," वहिनी म्हणाली.

"गुडघे जमिनीवर बसून गेलेत, सूनबाई. वर जायला ते नवेच आहेत."

दोघांनी शिडी धरली, तिसऱ्याने आबांना. आबा वर गेले, वळले आणि बघत राहिले. हिरव्या उतरत होत्या, लाल त्यांना ओलांडत होत्या, दुधाच्या दुकानातली पिवळसर दोघींच्या मधून वाट काढत होती. दोन सारख्या कुठेही एकाखाली एक नव्हत्या.

"दादा, काही बोल बाबा," आत्या खालून म्हणाली. "चपल घालू का काढू?"

"काम बरं झालंय," आबा म्हणाले.

*

"आता खरंच फोडा," खाली उतरल्यावर ते म्हणाले. "लॉटरीचं काही नव्हतंच यात. पोरीची खोली अडवून ठेवली मी उगीच."

"नाही फोडायची," थोरली म्हणाली.

"अगं, सोमवारी तुझ्या बाई..."

"आबा, थांबा जरा. मला विचार करू द्या." ती मटकन खाली बसली, तिथेच, फरशीवर, आणि एका सांध्यावरून नख फिरवू लागली. कवळी हातात घेतली की ती फटी अशाच बघायची. नख एका फरशीवरून दुसऱ्या फरशीवर गेलं, मध्ये किंचित अडकलं, पुढे गेलं. "बाईंनी काय म्हटलंय? सांधे नकोत. फरशी नको असं म्हटलंय का?"

"फरशी म्हटली की सांधे आलेच," आबा म्हणाले.

"दात म्हटले की फटी आल्याच. मग मी दिवसभर करते काय?" ती ताडकन उठली. "वरून रेझिन ओतायचं. पारदर्शक. भिंतीपासून भिंतीपर्यंत एकसंध थर. कारखान्यांत करतात की. वरून काचेसारखं गुळगुळीत, आणि खाली हे सगळं आहे तसं. नख अडकायला जागाच नाही. मी सामान आणते त्या दुकानात डबे आहेत. उद्या सकाळी ओतलं तर रविवारभर सुकेल. सोमवारी बाईंनी भिंग घेऊन यावं!"

"खाली एवढे रंग बघून बाईंना चक्कर आली तर?" आत्याने विचारलं.

"चक्कर येऊ नये, अशी अट नाहीये."

मधला दाराकडे बघत होता. "ताई, ती शेवटची पट्टी रिकामी आहे. तिथे चांगली खोलगट आहे. रेझिन सगळं तिकडे धावेल, दारातून बाहेर पडेल आणि आत्याच्या खोलीत जाईल."

"मी तिथे झोपलेली असेन!" आत्या म्हणाली. "मला चिकटवून ठेवाल!"

"म्हणजे ती ओळ आधी भरायला हवी," थोरली म्हणाली. "आजच." आणि मग तिला कळलं, आपण काय बोललो ते. ती वडिलांकडे वळली.

सोडत उद्या संध्याकाळी होती. आकडे कळल्याशिवाय आबांनी या खोलीत एकही फरशी कधी बसवली नव्हती. चाल त्यांची असेल. आकडे तरी खरे होते.

"आबा, तुम्ही म्हणाल तसं," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "सोडतीसाठी थांबायचं असेल तर थांबू. खरंच. दवाखाना गेला तर गेला. टेबल आहेच."

मधला सवयीप्रमाणे दोघांच्या मध्ये येऊन उभा राहिला, आणि मग त्याचं त्यालाच कळून बाजूला झाला.

आबांनी पाणसळ रिकाम्या पट्टीवर ठेवली. तिच्यातला बुडबुडा इकडेतिकडे गेला आणि मधोमध येऊन थांबला.

"सोडत दर महिन्याला येते," ते म्हणाले. "तुझ्या बाई काही दर महिन्याला यायच्या नाहीत. चला शेडमध्ये. प्रत्येकाने आपापली एकेक उचला. आणि निवडताना दहा तास लावू नका, घरमालकिणींसारख्या!"

*

शेडमध्ये मग जे काही झालं त्याला निवड म्हणणं कठीण आहे. मधल्याने हिरवी धरली आणि छातीशी लावून उभा राहिला. आत्याने तपकिरी उचलली. ती तिच्याच बसस्थानकाच्या प्रतीक्षागृहाची, तिच्यावर लोक आपल्या आवाजाला शिव्या देत बसायचे, हे तिने अभिमानाने सांगितलं. वहिनीने न्हाव्याची काळीपांढरी घेतली. थोरलीने दुधाच्या दुकानाची पिवळसर पसंत केली, कारण दातांचा खरा रंग तोच असतो. पांढरे दात फक्त खोटे असतात. आबांनी शाळेच्या जिन्याची लाल काखेत मारली.

"सहावी?" मधल्याने विचारलं.

कोपऱ्यात एक थप्पी पोत्याखाली होती. वहिनीने पोतं उचललं. खाली गडद केशरी फरश्या होत्या, काठोकाठ धूळ साठलेल्या. एकही कमी झालेली नव्हती.

"ह्या कुठल्या?"

"सोळा नंबर," आबा म्हणाले. "माझ्या पहिल्या कामाच्या. मालकाच्या डोळ्यांना खुपायला लागल्या, आख्ख्या खोलीच्या परत पाठवल्या त्याने."

"पण आबा, ही आपल्या खोलीत कुठेच नाहीये."

"आलाच नाही सोळा."

"कधीच?"

"एकदाही नाही."

सगळे त्या थप्पीकडे बघत राहिले. घरातल्या झाडून सगळ्यांनी जमिनीवर चाल शोधली होती. शिडीवरून शोधली, चादरीखाली शोधली. आणि सोडतीतली खरोखरची विचित्र म्हणावी अशी एकुलती एक गोष्ट इतके दिवस शेडमध्ये पोत्याखाली बसून होती.

"तुमच्या लक्षात नाही आलं?" थोरलीने विचारलं.

"बसवलेली फरशी बघायची सवय," आबा म्हणाले. "न बसवलेली कोण बघतं?"

वहिनीने केशरी फरशी पदराने पुसली. "हीच सहावी," ती म्हणाली, आणि त्यावर कुणी वाद घातला नाही. या घराच्या इतिहासात तेही पहिल्यांदाच झालं.

ऊन उतरायच्या आत ओळ बसली. मधल्याने सिमेंट कालवलं, वाईट कालवलं, आबांनी ते पुन्हा कालवलं. लाल, हिरवी, केशरी, काळीपांढरी, पिवळसर, तपकिरी. जागा ठरवताना आबांचा हात आपोआप एक घर उजवीकडे जाऊ लागला. त्यांनी तो थांबवला नाही. आत्या तिकीट घेऊन आली: याच सहा आकड्यांचं, घराण्यातलं पहिलं. आबांनी ते दारावर टाचणीने लावलं आणि हात धुतले. मग म्हणाले की आता एक गोष्ट रीतसर झालेली बरी.

पत्र थोरलीने लिहिलं. डॉक्टरांशी पत्रव्यवहार करून करून घरात वाचता येईल असं अक्षर तिचंच उरलं होतं. मजकूर आबांचा, विरामचिन्हं आत्याची.

प्रति,
मा. संचालक,
मासिक महासोडत विभाग.

विषय: उद्याच्या सोडतीतील आकडे आमच्या फरशीप्रमाणे काढण्याबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आजवर आपण आकडे काढत आलात व आम्ही त्याप्रमाणे फरशी बसवत आलो. या कामी आमच्याकडून एकदाही कसूर झालेली नाही. तथापि, मुलीच्या कामाच्या खोलीची तपासणी सोमवारी असल्याने या खेपेस फरशी सोडतीच्या आधी बसवणे भाग पडले. बसवलेले आकडे असे: चार, एकोणीस, सोळा, सात, अकरा, दोन. पैकी सोळा क्रमांकाचा चेंडू आजवर एकदाही निघालेला नाही. तो आपल्या यंत्रात आहे किंवा कसे, याची खात्री कृपया सोडतीपूर्वी करून घ्यावी. नसल्यास नवा टाकावा. रंग केशरी असल्यास उत्तम.

उपरोक्त सहा आकडे उद्या त्याच क्रमाने निघतील अशी व्यवस्था आपल्या स्तरावर व्हावी. सिमेंट सुकू लागले असल्याने आमच्या बाजूने आता कोणताही बदल शक्य नाही. सबब तो आपल्या बाजूने करण्यात यावा, ही नम्र विनंती.